सुई कोण ठेवणार?

परवा आमच्या भिशीत एका मैत्रिणीने नवा रेकॉर्ड प्लेयर दाखवला. छोट्या सुटकेसच्या आकाराचा, आकाशी रंगाचा, कडेला पितळी बकला. झाकण उघडलं की आत तबकडी फिरते आणि पुढच्या बाजूला दोन इवलेसे स्पीकर. "बाबांच्या रेकॉर्डी माळ्यावर पडून होत्या गं, त्यांच्या वाढदिवसाला दिला," ती म्हणाली. सगळ्याजणी "अय्या, कित्ती गोड!" करून मोकळ्या झाल्या. मीही झाले. दुसरीच्या कौतुकाच्या वेळी तोंड वाकडं करू नये एवढं मला कळतं. पण घरी आल्यावर काही राहवेना. रात्री भांडी आवरून तिला फोन केला आणि सांगितलं, "बाबांच्या रेकॉर्डी त्याच्यावर रोज नको लावूस." ती जरा फुगलीच. साहजिक आहे. साडेपाच हजार मोजले होते बिचारीने.

तो फोन अर्धा तास चालला. त्यातलं बरंचसं इथे लिहितेय, कारण आपल्या गावांत अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल. हल्ली रेकॉर्डींचे दिवस पुन्हा आलेत. अमेरिकेत तर २०२२ मध्ये सीडींपेक्षा रेकॉर्डी जास्त विकल्या गेल्या. ते लोण आपल्याकडेही आलंय. आणि घरात रेकॉर्डी असल्या की कोणीतरी उठतं, मोबाइलवर बोट फिरवतं आणि दिसेल ते मशीन मागवतं.

आमच्या घरची ट्रंक सासूबाईंची. आम्ही सांगलीचे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी इर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या गल्लीत आदल्या संध्याकाळीच पळापळ सुरू झाली होती. मी कागदपत्रं, दागिने, गॅसचं पुस्तक असं पिशवीत कोंबत होते. आई म्हणाल्या, "ती ट्रंक आधी." मला वाटलं, जुनी भांडी असतील. नवरा आणि मुलगा ती धरून समोरच्यांच्या दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेले. दोघांना उचलवेना इतकी जड. पाणी ओसरल्यावर उघडली तेव्हा कळलं. चौतीस मोठ्या एलपी, काही सात इंची लहान, आणि जुन्या साडीत गुंडाळलेल्या अकरा ७८ च्या रेकॉर्डी.

या घरात येऊन मला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. १९७२ साली त्यांनी स्वतःच्या पगारातून एचएमव्हीचा फिएस्टा घेतला. दर दोन-तीन महिन्यांनी एक रेकॉर्ड. माणिक वर्मा, कुमार गंधर्व, लताबाई, आशाबाई, नाट्यगीतं. पावत्यासुद्धा आतल्या पाकिटात जपून ठेवलेल्या. ७८ च्या अकरा त्यांच्या आईकडून आलेल्या. त्यात हिराबाई बडोदेकर आहेत. हिराबाईंचा जन्म मिरजेचाच, १९०५ चा, त्यामुळे आईंच्या माहेरी त्यांच्याविषयी घरातल्या माणसासारखं बोलत. मग १९८६ मध्ये नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, टू-इन-वन आणला आणि दुकानदाराला बदल्यात फिएस्टा देऊन टाकला. विचारलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर सांगितलं. नाना वाईट नव्हते हो, तेव्हाची पद्धतच तशी. घरातल्या मशीनवर पुरुषांचा अधिकार, मग ते कोणाच्याही पैशाचं असो. आईंनी तक्रार केली नाही. रेकॉर्डी मात्र कोणाला देऊ दिल्या नाहीत. इतकी वर्षं वाजवायला काही नसताना त्यांनी त्या ठेवल्या, दर दिवाळीला पुसल्या.

दोन वर्षांपूर्वी मुलगा म्हणाला, "आजी, हे सगळं यूट्यूबवर आहे," आणि अर्ध्या मिनिटात त्याने त्यातलंच एक गाणं लावून दाखवलं. आईंनी पूर्ण ऐकलं. "छान आहे," म्हणाल्या. "पण ही माझी नाही. माझीवर दुसऱ्या कडव्याला खरचटलंय. तुझा बाप दोन वर्षांचा असताना त्याने चमचा मारला होता." मुलगा हसला. मी नाही हसले. तेव्हाच ठरवलं की प्लेयर घ्यायचा.

आता घ्यायचा म्हणजे काय, हे मला शून्यापासून शिकावं लागलं. सगळ्यात आधी अमेरिकेतल्या दिराचा फोन आला. तिकडे कोणाच्या तरी गॅरेजमध्ये जुना, भक्कम प्लेयर वीस डॉलरला मिळतोय, घेऊन येतो म्हणाला. आमच्याकडे लगेच आनंदीआनंद. सुदैवाने आमच्या गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, व्होल्टेजचं जाऊ द्या, त्याला ट्रान्सफॉर्मर लावू. पण तिकडची वीज सेकंदाला साठ फेऱ्यांची, आपली पन्नास. जुन्या प्लेयरची मोटर विजेच्या तालावर फिरते. इथे लावलात तर तबकडी सहाच्या ऐवजी पाचच्या गतीने फिरेल, आणि लताबाई झोपेत गातायत असं वाटेल." बहुतेक नवीन प्लेयरमध्ये हा प्रश्न येत नाही, त्यांची मोटर विजेच्या तालावर फिरत नाही. पण परदेशातून कोणी जुनं मशीन प्रेमाने आणत असेल तर आधी हे विचारा. नंतर ते देवघराशेजारी शोभेला ठेवावं लागतं.

मग सुटकेस. आमच्याही घरी ती येता येता राहिली. तिच्यात नेमकी गोम काय, तेही त्या काकांनीच समजावलं. रेकॉर्डवर जी सुई फिरते तिचं वजन खाचेवर पडतं. चांगल्या प्लेयरमध्ये ते दोन-तीन ग्रॅमच्या आसपास असतं. स्वस्त सुटकेसमध्ये बहुतेक वेळा सिरॅमिक प्रकारचं कार्ट्रिज असतं, आणि ते पाच-सहा ग्रॅमने खाचेवर बसतं. ते का वापरतात, तर त्याचा आवाज मुळातच मोठा निघतो, पुढची महागडी जोडणी लागत नाही. शिवाय स्पीकर त्याच डबीत. आवाज वाढवला की डबी थरथरते, डबीबरोबर सुई थरथरते. एकदा लावल्याने रेकॉर्ड मरत नाही. उगीच कोणाला घाबरवायचं नाही मला. पण रोज दुपारी तीच रेकॉर्ड लावाल तर वरचे नाजूक सूर हळूहळू झिजतात आणि ते परत येत नाहीत. नवी रेकॉर्ड बाजारात पुन्हा मिळते. १९७४ साली सासूबाईंनी पगारातून घेतलेली कुठून मिळणार?

तुम्ही म्हणाल, मग त्यांचा फिएस्टा काय फार हलका होता का? नव्हता. त्या काळच्या तसल्या प्लेयरांत सुई जडच असायची. म्हणून तर आईंच्या काही आवडत्या रेकॉर्डी आधीच खरखरतात. जे झालं ते झालं, पुढचं तरी वाचवावं.

तिसरी भानगड जोडणीची, आणि इथे भल्याभल्यांची फसगत होते. रेकॉर्डवर गाणं कोरताना खर्जाचे आवाज मुद्दाम बारीक आणि टिपेचे मोठे करून कोरतात, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूला चार गाणीही मावणार नाहीत. वाजवताना ते परत सरळ करावं लागतं आणि सुईतून येणारा अगदी क्षीण आवाज वाढवावाही लागतो. ही दोन्ही कामं करणाऱ्या भागाला फोनो प्रीअॅम्प म्हणतात. तो प्लेयरमध्येच असेल तर लाल-पांढरी वायर घरातल्या कुठल्याही म्युझिक सिस्टिमला लावा, झालं. नसेल तर वेगळा घ्यावा लागतो. माझ्या एका आतेबहिणीने हे न विचारता प्लेयर आणला आणि डास गुणगुणतोय असा आवाज येतोय म्हणून चार दिवस दुकानदाराशी भांडत होती. दुकानदाराची चूक एवढीच की त्याने सांगितलं नाही. तिची एवढीच की तिने विचारलं नाही.

पट्ट्यावर फिरणारा की थेट मोटरवर फिरणारा, या वादात मी फार पडले नाही. पट्ट्याच्या प्लेयरमध्ये मोटरची घरघर कमी पोचते, पण काही वर्षांनी पट्टा सैल पडतो, तो बदलायचा. थेट मोटरवाले ताकदीचे, डीजे लोकांचे लाडके, आणि महाग. घरात बसून भावगीतं ऐकणाऱ्या बाईला दोन्ही चालतात. त्यापेक्षा सुई वेगळी विकत मिळते का ते बघा. हिऱ्याची सुई साधारण तीनशे ते पाचशे तास चालते, मग ती बदलावीच लागते. घासलेल्या सुईने रेकॉर्ड लावणं म्हणजे तुटक्या विळीवर बोट कापून घेणं.

माझं मन खरं अडकलं होतं ते ७८ मध्ये. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, लहान सात इंची बहुतेक ४५, आणि जुन्या जाड रेकॉर्डी ७८. आज मिळणारे बरेच प्लेयर पहिल्या दोन गतींचेच असतात. आणि नुसती गती असून भागत नाही. ७८ ची खाच एलपीच्या तीन-चार पट रुंद, तिला जाड सुई वेगळी लागते. एलपीची बारीक सुई तिच्यात तळाला जाऊन नुसती खरखर उचलते, आणि उलट केलंत, जाड सुई एलपीवर टेकवलीत, तर एलपी संपलीच. त्या जुन्या रेकॉर्डी प्लॅस्टिकच्या नाहीतच. त्या लाखेपासून बनवलेल्या. हो, तीच लाख, बांगड्यांची. म्हणून त्या पडल्या की बांगडीसारख्याच फुटतात. आणि म्हणूनच त्या स्पिरिटने कधीही पुसायच्या नाहीत, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पूर ओसरल्यावर घरातलं सगळंच आम्ही डेटॉल नाहीतर स्पिरिटने पुसत सुटलो होतो. आईंनी त्या अकरांना हात लावू दिला नाही, म्हणून वाचल्या.

तर माझ्या वहीत पक्कं झालं होतं: तीन गतींचा, सुया बदलता येणारा, हाताने चालवायचा प्लेयर. किंमत आमच्या ठरवलेल्या पैशांच्या जवळजवळ दुप्पट. माझे दोन भिशीचे नंबर त्यात घालायची तयारी होती. एका शनिवारी आम्ही चौघं पुण्याला गेलो.

दुकान मोठं, गार. विक्रेता मुलगा हुशार होता, पण त्याचं एक भारी होतं. प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर तो माझ्या नवऱ्याकडे बघून द्यायचा. "७८ साठी वेगळी सुई मिळेल का?" मी. "मिळेल सर, मागवून देऊ," तो. असं तीनदा झाल्यावर नवराच म्हणाला, "अरे बाबा, मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी फक्त उचलायला आलोय." मैत्रिणींनो, हा अनुभव फ्रिज घेताना येत नाही, मिक्सर घेताना तर नाहीच. ज्या मशीनला वायरी जास्त, त्याच्यापाशी बाई उभी राहिली की ती कोणाची तरी सोबत म्हणून आली असणार, असं अजूनही गृहीत धरतात. वही घेऊन जा. प्रश्न लिहून न्या. आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.

माझ्या पसंतीचा प्लेयर त्याने लावून दाखवला. आवाज असा, की काय सांगू. मी पैसे काढणार एवढ्यात आई खुर्चीवरून उठल्या आणि म्हणाल्या, "मला लावू दे."

आईंचं वय ७८ च्या पलीकडे. (हा आकडा आमच्याकडे त्या दिवसापासून विनोदाचा झालाय.) त्यांचा उजवा हात चार वर्षांपासून थरथरतो. चहाचा कप आम्ही अर्धाच भरतो. हाताच्या प्लेयरला एक खटका असतो, तो खाली केला की दांडी अलगद उतरते, हे मला माहीत होतं आणि त्यावर मी निर्धास्त होते. पण खटका दाबण्याआधी दांडी रेकॉर्डच्या बरोबर काठावर आणून धरावी लागते. आईंनी आणली. हात हलला. दांडी सुटली, रेकॉर्डवरून सर्रकन आत घसरली, आणि त्या महागड्या स्पीकरांतून असा काही आवाज आला की दुकानातली सगळी माणसं वळली. विक्रेता "मॅडम, मॅडम" करत धावला.

आई शांत होत्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या वहीत सगळं आहे. सुई कोण ठेवणार, ते नाही."

"मी ठेवीन ना, आई."

"तू सकाळी दहाला बाहेर पडतेस ते साडेपाचला येतेस. मला दुपारी ऐकायचंय."

मग त्यांनीच कोपऱ्यातल्या एका साध्या, काळ्या प्लेयरकडे बोट दाखवलं. "तो काय आहे?" तो ऑडिओ-टेक्निकाचा, पूर्ण आपोआप चालणारा. रेकॉर्ड ठेवायची, लहान की मोठी ते सांगायचं, बटण दाबायचं. दांडी आपली आपण उठते, काठावर जाते, टेकते, आणि रेकॉर्ड संपली की परत जागेवर येऊन बसते. प्रीअॅम्प आतच. सुई बदलता येते. पण गती दोनच. ७८ नाही. मी वहीत त्याच्यापुढे मोठी फुली मारून ठेवली होती.

"आई, मग त्या अकरांचं काय? हिराबाईंचं काय?"

"त्या माझ्या आईच्या. मला पाठ आहेत," त्या म्हणाल्या. "या चौतीस माझ्या आहेत."

आम्हाला तो सतरा हजारांच्या आसपास पडला. परतीच्या वाटेवर कऱ्हाड येईपर्यंत मी कोणाशी फारसं बोलले नाही. खरं सांगते, मला राग आला होता. तीन महिने मी अभ्यास केला, वही भरली, आणि शेवटी ज्या गाण्यांसाठी मी जीव टाकत होते तीच मुकी राहिली. घरी आल्यावर मला हळूहळू उमगलं की मीही नानांसारखंच करत होते. मशीन आईंसाठी आणि निर्णय माझा. फक्त माझ्याकडे वही होती.

प्लेयर आता त्यांच्या खोलीत, भिंतीत ठोकलेल्या लाकडी फळीवर आहे. जमिनीवरच्या टेबलावर ठेवला तर कोणी पाय आपटून गेलं की सुई उडते. रेकॉर्डी उभ्या ठेवल्यात, एकावर एक रचल्या की वाकतात. पावसाळ्यात त्यांच्यावर पांढरी बुरशी धरते, ती मऊ फडक्याने आणि बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने पुसतो, मधल्या कागदाला पाणी लागू न देता. सुरुवातीला सगळ्या गाण्यांमागून एक घूंऽऽ असा आवाज यायचा. रेडिओवाले काका आले, बघितलं, आमच्या घराचं अर्थिंगच धड नव्हतं. रेकॉर्डींच्या निमित्ताने ते एक काम झालं, ते तसं आधीच करायला हवं होतं.

त्या अकरांचंही मी सोडलेलं नाही. जुन्या रेकॉर्डी सांभाळणाऱ्यांची एक संस्था मुंबईत १९९० पासून आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. आपल्याकडे काय आहे याची यादी करून अशा जाणत्या माणसांना दाखवावी, आणि योग्य सुईवर एकदा नीट वाजवून त्यांचा आवाज उतरवून घ्यावा, असं माझ्या मनात आहे. यादी करायला बसले तेव्हा आईंनी चष्म्याशिवाय, नुसत्या कागदाच्या रंगावरून अकराच्या अकरा सांगितल्या. कुठल्या बाजूला काय, तेही.

खरचटलेल्या त्या रेकॉर्डवर सुई अजून दुसऱ्या कडव्याला अडकते. आई काठीने फळीला टिचकी मारतात आणि ती पुढे जाते. काकांनी सांगितलंय असं करू नका. त्या करतात.

तर त्या रात्रीच्या फोनवर हे सगळं ऐकून झाल्यावर मैत्रीण म्हणाली, "मग मी आता कुठला घेऊ, ते सांग ना सरळ."

मी म्हटलं, "बाबा स्वतः लावणार, का तू लावून देणार?"

पलीकडे जरा वेळ शांतता. "ते विचारलंच नाही गं. त्यांना सरप्राइज द्यायचं होतं."

"त्यांच्या रेकॉर्डी कुठल्या गतीच्या आहेत?"

"तेही नाही बघितलं."

"मग उद्या दोन्ही विचार आणि मला सांग. सुटकेस परत करायला किती दिवस देतात?"

"दहा," ती म्हणाली. "चार गेले."